आधी बिऱ्हाड, मग लेखणी

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



 चिटणीसबाईंनी विषय विचारला तेव्हा मी ‘भगिनी निवेदिता’ असे सांगितले. त्या म्हणाल्या, “ताई, त्यांच्याविषयी सगळ्यांनी शाळेतच वाचलेले असते. विवेकानंदांच्या शिष्या, मुलींची शाळा, प्लेगातली सेवा. त्यात आणखी नवे काय?” प्रश्न रास्त होता. पण निवेदितांचे एक अंग आपल्या क्रमिक पुस्तकांतून निसटलेले आहे. त्या मासिकांतून व वर्तमानपत्रांतून लिहिणाऱ्या होत्या. गावोगाव हिंडून, पाहिलेले कागदावर उतरवणाऱ्या होत्या. स्वतःचा देश सोडून दुसऱ्या देशात बिऱ्हाड करणारी बाई त्या देशाविषयी लिहू लागते, तेव्हा तिने कसे लिहावे, याचा धडा मला त्यांच्या चरित्रात सापडला. तो मला फार उशिरा सापडला. त्याआधी माझ्या हातून एक चूक होऊन गेली होती. तीही आज आपल्यापुढे सांगणार आहे.

मार्गारेट एलिझाबेथ नोबल हे त्यांचे माहेरचे नाव. २८ ऑक्टोबर १८६७ रोजी आयर्लंडमधील टायरोन परगण्यात, डंगॅनन या गावी तिचा जन्म झाला. आयर्लंड म्हणजे इंग्रजांच्या शेजारचेच बेट, पण तेही इंग्रजांच्याच अमलाखाली. मार्गारेटच्या जन्मापूर्वी वीस वर्षे तिथे बटाट्याचे पीक कुजले आणि १८४५ ते १८४९ या काळात भयंकर दुष्काळ पडला. सुमारे १० लाख माणसे भुकेने आणि रोगराईने मेली, आणि जवळजवळ तितकीच जहाजांत बसून परमुलखाला निघून गेली. तेव्हापासून आयर्लंड हा देश सोडून जाणाऱ्यांचा देश झाला. मार्गारेटचे वडील धर्मोपदेशक होते. कुटुंबाला घेऊन ते इंग्लंडात गेले आणि ऐन तारुण्यात वारले. तेव्हा मुलगी अवघी दहा वर्षांची होती.

हॅलिफॅक्स येथे शिकून सतराव्या वर्षी ती शिक्षिका झाली. पुढे १८८६ च्या सुमारास वेल्समधील रेक्सहॅम या गावी तिला नोकरी लागली. रेक्सहॅम हे कोळशाच्या खाणींचे गाव. आपल्या घुग्गुस-बल्लारपूरच्या भगिनींना त्या गावाचे चित्र डोळ्यांपुढे आणायला वेळ लागणार नाही. तीच धूळ, पाळीवर जाणारे तेच बाप्ये, आणि पाळी सुटेपर्यंत जीव मुठीत धरून बसलेल्या त्याच बाया. शाळा सुटली की मार्गारेट या वस्त्यांतून हिंडे आणि तिथल्या लोकांच्या हालअपेष्टांविषयी वृत्तपत्रांत लेख लिही. विशीच्या आतबाहेरची ही शिक्षिका आधी दारे ठोठावून आत जात होती आणि मग लिहीत होती, हे मुद्दाम ध्यानात ठेवा.

नंतर लंडनच्या विम्बल्डन भागात तिने स्वतःची शाळा काढली. नव्या शिक्षणपद्धतीची जाणकार, सभांतून बोलणारी, लेख लिहिणारी अशी तिची ख्याती झाली. १८९५ च्या नोव्हेंबरात एका घरगुती बैठकीत तिने स्वामी विवेकानंदांना प्रथम ऐकले. लगेच मान तुकवणारी ती नव्हती. पुष्कळ वाद घातल्यावर तिने त्यांना गुरू मानले. हिंदुस्थानातील स्त्रियांसाठी काम करायला ये, असे स्वामीजींनी २९ जुलै १८९७ च्या पत्रात तिला लिहिले, पण त्यात गोड शब्दांची भूल नव्हती. इथली गरिबी, इथला उन्हाळा, शिवाशीव, गोऱ्यांचा तिरस्कार आणि काळ्यांचा संशय, सारे त्यांनी आधीच सांगून टाकले होते. तरीही ती निघाली. २८ जानेवारी १८९८ रोजी ती कलकत्त्याच्या बंदरात उतरली, आणि २५ मार्चला तिची दीक्षा होऊन तिला ‘निवेदिता’, म्हणजे अर्पण केलेली, हे नाव मिळाले.

इथे एक प्रसंग सांगते. तो निवेदितांनी स्वतःच आपल्या गुरूवरील पुस्तकात लिहून ठेवला आहे. दीक्षेनंतर स्वामीजींनी त्यांना विचारले, तुम्ही स्वतःला कोणत्या राष्ट्राच्या समजता? निवेदितांच्या उत्तरातून त्यांचा इंग्रजांच्या झेंड्याविषयीचा अभिमानच उसळून बाहेर आला. आयर्लंडची मुलगी, पूर्वज त्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी झगडलेले, आणि तिच्या डोळ्यांवर चष्मा मात्र इंग्रजांचा! त्या उन्हाळ्यात अल्मोड्याला गुरुशिष्यांचे खटके उडाले, ते याच चष्म्यावरून. नव्या देशाला जुन्या देशाच्या मापाने मोजू नकोस, हे शिकायला निवेदितांना अश्रू ढाळावे लागले. त्याच वर्षी त्या स्वामीजींबरोबर अल्मोडा, काश्मीर आणि ऑगस्टमध्ये अमरनाथपर्यंत हिंडल्या. या भ्रमंतीचा त्यांनी लिहिलेला वृत्तान्त त्यांच्या मृत्यूनंतर १९१३ साली पुस्तकरूपाने निघाला.

प्रवास संपला तेव्हा मात्र त्यांनी एखाद्या हॉटेलात किंवा साहेबांच्या वस्तीत मुक्काम केला नाही. उत्तर कलकत्त्यातील बागबाजारात, बोसपाडा नावाच्या गल्लीत त्यांनी घर घेतले. १३ नोव्हेंबर १८९८ रोजी श्रीशारदादेवींच्या हस्ते मुलींची शाळा तिथेच सुरू झाली. त्या काळचे सोवळे-ओवळे आपल्या आज्यांनी पाहिलेले आहे. परदेशी बाईला शेजारणीच्या चुलीजवळ जायला मज्जाव असायचा. परंतु शारदादेवींनी पहिल्याच भेटीत, १८९८ च्या मार्चमध्ये, त्यांना मुलगी म्हणून जवळ घेतले आणि त्यांच्याबरोबर बसून फराळ केला. ब्राह्मणाघरच्या विधवा स्त्रीने म्लेंच्छ बाईबरोबर खावे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. त्या दिवशी निवेदितांना एक घर उघडे झाले, आणि त्यामागोमाग हळूहळू सारी गल्ली उघडी झाली.

१८९९ साली कलकत्त्यात प्लेग आला. गल्ल्यांतली घाण काढायला माणसे मिळेनात, तेव्हा निवेदिता स्वतः झाडू घेऊन उतरल्या. ते पाहून शरमलेली तरणी मुले त्यांच्यामागे आली. डॉ. राधागोविंद कर यांनी पुढे एक आठवण सांगितली. प्लेग झालेल्या एका मुलाच्या झोपडीत ते गेले, तेव्हा त्या ओलसर जागेत निवेदिता त्या मुलाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मूल वाचले नाही. घराला चुना लावणे जरूर होते, तर शिडीवर चढून तोही त्यांनी स्वतःच्या हातांनी लावला. या गल्लीविषयी, इथल्या विधवा, मुली, सण आणि या प्लेगाविषयी त्यांनी जी टिपणे लिहिली, ती वाचताना जाणवते की लिहिणारी बाई खिडकीतून पाहत नाही, ती ओसरीवर बसलेली आहे.

१९०२ च्या जुलैमध्ये स्वामीजी गेले. त्यानंतर दोनतीन महिन्यांतच निवेदिता देशाच्या दौऱ्यावर निघाल्या. मुंबई, नागपूर, वर्धा, अमरावती आणि पुढे बडोदे असा तो प्रवास होता. आपल्यापासून दीडशे किलोमीटरवरच्या नागपुरापर्यंत त्या आल्या होत्या हे आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक आहे? नागपूरच्या मॉरिस कॉलेजात दसऱ्याच्या दिवशी त्यांच्या हस्ते बक्षीस समारंभ ठेवला होता. बक्षिसे होती क्रिकेटची. शस्त्रपूजेच्या दिवशी, भोसल्यांच्या राजधानीत, मुलांनी आपले मर्दानी खेळ विसरावेत हे त्यांना रुचले नाही, आणि पाहुणी असूनही त्यांनी ते स्पष्ट बोलून दाखवले. क्रिकेटविषयी आपले मत काहीही असो. मला त्यात दिसते ते एवढे, की चार वर्षांपूर्वी इंग्रजांच्या झेंड्याने उचंबळणारी बाई आता आमचा दसरा आम्हालाच समजावून सांगत होती.

महाराष्ट्राशी त्यांचा आणखीही संबंध आला. इंग्लंडच्या चित्रकार लेडी हेरिंगहॅम अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करीत होत्या. त्या कामाला नंदलाल बोस, असितकुमार हालदार अशा तरुण बंगाली चित्रकारांनी जावे म्हणून निवेदितांनी खटपट केली, आणि १९०९ च्या डिसेंबरात शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस यांच्या कुटुंबाबरोबर त्या स्वतः अजिंठ्याला जाऊन आल्या. अजिंठा आणि घारापुरी या दोन्ही लेण्यांवर त्यांनी लिहिले. १९१० साली बोस कुटुंबाबरोबर त्या केदारनाथ आणि बदरीनारायणाची यात्रा करून आल्या व त्या यात्रेची दैनंदिनी प्रसिद्ध केली. आज हिमालयाची प्रवासवर्णने आपण ढीगभर वाचतो. त्यांच्या त्या वर्णनात शिखरांबरोबर वाटेवरच्या यात्रेकरू म्हाताऱ्याही आहेत.

परंतु त्यांच्या लेखणीची खरी कसोटी लागली ती १९०६ साली. पूर्व बंगालात, आजच्या बांगलादेशातील बारिसाल भागात, आधी दुष्काळ आणि त्यावर महापूर असे दुहेरी संकट कोसळले. निवेदिता नावेतून गावोगाव फिरल्या. त्यांनी जे पाहिले ते ‘मॉडर्न रिव्ह्यू’ या मासिकात लिहिले. अशा वेळी करुण चित्रे रंगवणे फार सोपे असते. हाडांचे सापळे, आक्रोश, पसरलेले हात. निवेदितांनी लोकांची अन्नान्न दशा लिहिली, पण तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. भाताच्या या समृद्ध मुलखात घरोघरी तांदूळ का नाही, असा प्रश्न त्यांनी विचारला. उत्तर शोधताना त्या तागाच्या शेतापर्यंत पोचल्या. रोख पैसा मिळतो म्हणून शेतकऱ्याने भाताच्या जमिनीत ताग लावला होता. घरातील कणगीत दाणा साठवण्याची जुनी रीत मोडली. पैसा हातात आला तसा गेला, आणि पुराने पीक बुडवले तेव्हा घरात खायला काही उरले नाही. दुष्काळ फक्त आभाळातून पडत नाही, तो बाजारातूनही येतो, असा त्या लिखाणाचा आशय. तितक्याच आदराने त्यांनी बारिसालच्या अश्विनीकुमार दत्तांनी उभारलेल्या मदतकार्याचे वर्णन केले. म्हणजे लोक नुसते घेणारे नव्हते, एकमेकांना सावरणारेही होते, हे त्यांना दिसले होते. या प्रवासातून परतल्यावर तापाने त्यांना दीर्घकाळ अंथरुणावर पाडले. पुढे प्रकृती पूर्ववत झालीच नाही. १३ ऑक्टोबर १९११ रोजी, चव्वेचाळीस वर्षे पुरी होण्याआधीच, दार्जिलिंगला त्यांचे देहावसान झाले. रवींद्रनाथांनी त्यांना ‘लोकमाता’ म्हटले आहे.

आता मी माझी हकीकत सांगते, आणि ती ऐकून आपण मला हसलात तरी चालेल.

मी मूळची पुण्याकडची. १९७४ साली लग्न होऊन यजमानांच्या नोकरीच्या निमित्ताने आलापल्लीला आले. गडचिरोली जिल्हा तेव्हा वेगळा नव्हता, तो २६ ऑगस्ट १९८२ ला झाला. आम्ही चांदा जिल्ह्यातच होतो. सागवानाचे आकाशाला भिडलेले जंगल, संध्याकाळी सात वाजता मिट्ट काळोख, आणि पावसाळ्यात नदीनाल्यांना पूर आला की पलीकडची भामरागडची बाजू जगापासून तुटलेली. मला लिहिण्याची हौस होती. आल्यापासून सहा महिन्यांच्या आत मी ‘अरण्यातले दिवस’ अशा थाटाचा एक लेख लिहून पुण्याच्या एका मासिकाला पाठवला आणि तो छापूनही आला. माहेरी कौतुक झाले. आईने तो अंक सगळ्या शेजारणींना दाखवला.

लेखात मी काय लिहिले होते? भामरागडच्या वाटेवरच्या एका माडिया गावावरून आम्ही एकदा भरदुपारी जीपने गेलो होतो. माणसे घरापुढे मांडवाखाली स्वस्थ बसलेली दिसली. मी लिहिले, की निसर्गाने दिलेल्या कंदमुळांवर जगणारी ही भोळी माणसे, यांना उद्याची चिंता नाही, कष्टांची सवय नाही, मोहाची दारू प्यावी आणि दुपारभर झोपावे. यांच्या घरी चूल तरी पेटते की नाही, देव जाणे. वाक्ये मोठी लयदार होती. मला ती पाठ होती.

दीडदोन महिन्यांनी आलापल्लीच्या आठवडी बाजारात एक म्हातारी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. ती नेहमी टोपलीत चारोळी आणायची, आणि मी तिच्याकडून घ्यायची. ती त्याच गावची होती हे मला ठाऊकच नव्हते. तो अंक कसा कोण जाणे, तिथल्या शाळामास्तरांकडे गेला होता, आणि त्यांनी तो गावाला वाचून, त्यांच्या भाषेत सांगून दाखवला होता. म्हातारी रागावलेली नव्हती. तिने मोडक्यातोडक्या मराठीत विचारले, “बाई, तुमी आमच्या घरी कवा आल्या होत्या जी?”

मी म्हटले, “आजी, घरी नाही आले कधी.”

“मंग आमची चूल तुमाले कशी दिसली?”

भगिनींनो, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. मी काहीतरी पुटपुटले. म्हातारीने चारोळी मापून माझ्या पिशवीत घातली, नेहमीसारखी चिमूटभर वरही घातली आणि म्हणाली, “मोहा पडल का ये. चार दिस राय.”

पुढच्या चैत्रात मी गेले. यजमानांना काळजी वाटत होती, पण त्यांनी अडवले नाही. म्हातारीच्या घरी चार रात्री राहिले. पहाटे तीनच्या सुमारास घर जागे झाले. मोहाची फुले रात्रीपासून सकाळपर्यंत गळतात. जनावरांनी खाण्याआधी ती वेचायची, म्हणून झाडाखालची जमीन आधीच झाडून, पालापाचोळा जाळून स्वच्छ केलेली असते. अंधारात टेंभे आणि टोपल्या घेऊन बाया, पोरे, म्हातारी माणसे झाडापाशी गेली. मी पण गेले. तासाभरात माझी कंबर धरली. ऊन चढेपर्यंत त्या वाकूनच होत्या. फुले डोक्यावरून घरी आणायची, अंगणात वाळत घालायची, पाणी भरायचे, आंबील शिजवायची. दुपारी बाराला सारे गाव मांडवाखाली टेकले, तेव्हा त्यांच्या अंगावर नऊ तासांचे काम होते. आणि नेमक्या त्याच वेळी माझी जीप त्या वाटेने गेली होती!

चूलही मी पाहिली. कणगी पाहिली. वाळलेला मोहा पावसाळ्यासाठी कसा ठेवतात, थोडा खाण्यासाठी, थोडा मीठ-कापडासाठी विकायला, हे पाहिले. ज्यांना उद्याची चिंता नाही असे मी लिहिले होते, त्यांच्या घरात पुढच्या चार महिन्यांचा हिशेब टांगलेल्या शिंक्यांतून दिसत होता. म्हातारीने पानाच्या द्रोणात आंबील दिली. मी पहिल्या घोटाला थबकले, तशी ती हसली. दुसरा द्रोण मी मागून घेतला.

परत आल्यावर मी दुसरा लेख लिहिला आणि पहिल्यातील चुका कबूल केल्या. तो छापून आला नाही. पहिल्यात रंग होता, दुसऱ्यात नाही, असे मला कळवण्यात आले. त्यामुळे माझा पहिला लेख आजही कुठल्यातरी ग्रंथालयात बांधीव खंडात पडून आहे, आणि कोणी वाचला तर माझ्या म्हातारीला आळशी समजेल. बोललेला शब्द निदान वाऱ्यावर जातो. छापलेला शब्द मागे घेता येत नाही. ही माझ्या आयुष्यातली मोठी बोचणी आहे. म्हातारी आता नाही. तो दुसरा लेख तिला वाचून दाखवायचे माझ्या मनात होते, तेही राहून गेले.

त्यानंतर काही वर्षांनी निवेदितांचे लिखाण माझ्या हाती आले, आणि मला कळले की माझ्या म्हातारीने मला जे एका प्रश्नात शिकवले, ते या बाईने साऱ्या आयुष्याने शिकवून ठेवले आहे. आधी बिऱ्हाड, मग लेखणी. खिडकीतून, जीपमधून, नावेतून दिसते ते चित्र असते. माणूस दिसतो तो चुलीपाशी.

तरीही निवेदितांना देव्हाऱ्यात बसवण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्या लिखाणातला एक दोषही सांगितला पाहिजे. १९०४ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द वेब ऑफ इंडियन लाइफ’ या त्यांच्या ग्रंथात हिंदू स्त्रीच्या घरगुती जीवनाचे अत्यंत प्रेमळ चित्र आहे. इतके प्रेमळ, की त्यातल्या विधवेचे दुःख तपश्चर्येसारखे भासते. आपल्या पंडिता रमाबाईंनी त्याआधी १८८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी पुस्तकात उच्चवर्णीय विधवेची जी दैना मांडली, ती याच घरांतली होती. रमाबाई त्या घरात जन्मल्या होत्या, त्यांना चटका बसला होता. निवेदिता बाहेरून आल्या होत्या आणि साहेब लोकांच्या कुचेष्टेला उत्तर द्यायला उभ्या होत्या. म्हणून त्यांनी उजेडाची बाजू जास्त दाखवली. दोघींचे लिखाण शेजारी ठेवून वाचावे. तिरस्काराची जशी झापड असते तशी प्रेमाचीही असते. माझ्या पहिल्या लेखात तिरस्कार होता. दुसऱ्यात कदाचित दुसरी झापड असेल. ते ठरवायचा हक्क त्या गावाचा होता, माझा नव्हे.

आपल्या भागात याचे चांगले उदाहरण आहे. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या बायांना झाडांविषयी बोलते केले आणि त्यातून ‘गोईण’ हे पुस्तक झाले. गोईण म्हणजे मैत्रीण. कोणते झाड कोणत्या दुखण्यावर, कोणत्या सणाला, कोणत्या उपासमारीत कामी येते, हे त्या बायांनी सांगितले आणि डॉक्टरबाईंनी ऐकले. ऐकणाऱ्या बाईकडे डॉक्टरकीची पदवी होती आणि सांगणाऱ्या बाया शाळेत न गेलेल्या होत्या, तरी शिकवणारे कोण आणि शिकणारे कोण, याविषयी पुस्तकात घोटाळा नाही.

आता मंडळाविषयी थोडे बोलते. राग मानू नका. दरवर्षी आपण एका जंगलातल्या गावाला भेट देतो. सकाळी दहाला पोचतो, घोंगड्या-लुगडी वाटतो, छायाचित्र काढतो आणि दुपारी परततो. स्मरणिकेत वृत्तान्त येतो. मागच्या वेळचा वृत्तान्त मी पुन्हा वाचला. त्यात वाटलेल्या घोंगड्यांची संख्या आहे, सहभागी सभासदांची नावे आहेत. गावातल्या एकाही बाईचे एकही वाक्य नाही. देणे वाईट नव्हे. थंडीत घोंगडी लागतेच. पण ज्या घराचा उंबरठा आपण ओलांडला नाही, त्या घराविषयी आपण ‘दीनदुबळे’, ‘मागासलेले’ असे शब्द छापतो, तेव्हा बाजारात कोणीतरी म्हातारी आपल्यालाही विचारील, “तुमी आमच्या घरी कवा आल्या होत्या जी?”

म्हणून या वर्धापनदिनी माझ्या तीन विनंत्या आहेत. एक, या वर्षी दहा गावांना न जाता एकाच गावाला चार वेळा जावे. मोहाच्या दिवसांत, तेंदूपत्त्याच्या दिवसांत, धानाच्या रोवणीला आणि कापणीला. गाव बोलावील तर मुक्काम करावा. दोन, आपण काय देणार हे ठरवण्याआधी, तिथल्या बायांकडून आपण काय शिकणार हे विचारावे. तीन, त्या गावाविषयी स्मरणिकेत जे छापायचे ते आधी त्या गावात नेऊन, त्यांच्या भाषेत, त्यांच्यापुढे वाचावे. त्यांच्यासमोर वाचण्याची आपल्याला लाज वाटेल ते छापू नये. त्या गावातली एखादी मुलगी स्वतः लिहिणारी असेल, आणि आज अशा मुली आहेत, तर आपली पाने तिला द्यावीत आणि आपण वाचक व्हावे.

आपल्याला हे अवघड वाटू नये. आपणा पुष्कळजणींनी माहेर सोडून परक्या घरी, परक्या गावी बिऱ्हाड केलेले आहे. नव्या घराच्या रीती पहिल्या आठवड्यात हास्यास्पद वाटतात, वर्षाने कळतात आणि दहा वर्षांनी आपल्या होतात, हा आपला सर्वांचा अनुभव आहे. निवेदितांनी एवढेच केले, फक्त घराच्या जागी एक देश होता. आयर्लंडहून निघालेली ती मुलगी चष्मा घालून आली होती. तो तिने इथे उतरवला, आणि मग लिहिले. निदान आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जाताना तो आपणही उतरवू या.

 येत्या चैत्रात महाकालीच्या यात्रेची गर्दी ओसरली की मी त्या वाटेवरच्या गावाला पुन्हा जाणार आहे. म्हातारीची नात आता तिथे अंगणवाडी चालवते. माझा तो न छापलेला लेख मी तिला वाचून दाखवणार आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. पहाटे तीनला उठावे लागेल, एवढे मात्र आधीच सांगून ठेवते.